पहिले पंधरा दिवस

बाळा,

अनेक आशीर्वाद.

परदेशी शिकायला जाण्याचं तुझं तिकीट निघाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. सामानाची यादी तुझ्याकडे असेलच, ती मी पुन्हा देत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की पहिल्या पंधरा दिवसांत त्या देशाबद्दल किंवा स्वतःबद्दल जे काही वाटेल, त्यावर शिक्कामोर्तब करू नकोस. ते वाटणं खरं असतं, पण त्यात अपुऱ्या झोपेचा वाटा फार मोठा असतो.

मी पहिल्यांदा परदेशी उतरले तेव्हा माझी बॅग आलीच नाही. एकेक करत सगळे निघून गेले. पट्ट्यावर लाल दोरी बांधलेली कुणाची तरी एकच पेटी गोल फिरत राहिली आणि मी तिच्याकडे बघत उभी. काउंटरवर लांब रांग होती. अंगात त्राण नव्हतं, 'उद्या बघू' म्हणून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर पहिलाच प्रश्न आला, 'तक्रार क्रमांक काय?' तो नव्हताच. बॅग चौथ्या दिवशी मिळाली, पण त्या चार दिवसांत, आपल्याला हे झेपणार नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. बॅगेचा आणि माझ्या कुवतीचा काय संबंध? पण थकलेलं मन असा संबंध जोडतंच.

म्हणून बॅग आली नाही किंवा फुटली, तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार कर आणि क्रमांक घे. बहुतेक देशांनी मान्य केलेल्या १९९९च्या माँट्रियल करारानुसार, बॅगेचं नुकसान झालं असेल तर ती हातात आल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. चेक-इनच्या आधी बॅगेचा एक फोटो काढून ठेव. एक कपड्यांचा जोड, औषधं आणि त्यांची चिठ्ठी, विद्यापीठाचं पत्र आणि पहिल्या रात्रीचा पत्ता जवळच्या बॅगेतच असू दे. पत्ता कागदावर लिहून ने. फोन नेमका तेव्हाच मान टाकतो. पॉवर बँकही जवळच ठेवावी लागते, खालच्या सामानात ती चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या (म्हणजे तिच्यात साठणाऱ्या विजेच्या मापाच्या) बँकेला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते.

इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट परत मिळाला की तिथल्या तिथे उघडून बघ. शिक्का मारला असेल, मुदत लिहिली असेल, तर तारीख वाच. चूक तिथे लगेच दाखवता येते, नंतर तिच्यासाठी खेटे घालावे लागतात.

आता झोपेचं. शरीराचं घड्याळ नव्या वेळेला जुळायला ढोबळमानाने दर तासाच्या फरकाला एक दिवस घेतं. पूर्वेकडे गेलं तर जास्त त्रास होतो, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. अशा अवस्थेत पहाटे तीनला जाग येईल आणि सगळं चुकलंय असं वाटेल. तेव्हा घरी फोन करून 'परत येऊ का' विचारू नकोस. उजेड पडू दे. आणि त्या आठवड्यात वर्षभराच्या भाडेकरारावर सही करू नकोस, खोली न बघता पैसे तर अजिबात पाठवू नकोस. 'तुमच्या व्हिसात गडबड आहे, आत्ता पैसे भरा' असे फोन नव्या विद्यार्थ्यांना येतात. सरळ ठेवून दे आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचार.

तिथे एरवीही जावं लागेलच. बँक पत्ता मागते, घरमालक बँक खातं मागतो, आणि आपण मधल्या मध्ये. प्रवेश पक्का झाल्याचं विद्यापीठाचं पत्र बऱ्याचदा हा गुंता सोडवतं. जुन्या नंबरचं रोमिंग निघण्याआधीच चालू करून घे, नाहीतर घरच्या बँकेचा ओटीपी येणार नाही आणि ऐन गरजेला पैसे अडकतील.

आणि एकटेपणा. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ दी जानेरोत 'कल्चर शॉक'वर एक भाषण दिलं होतं. हस्तांदोलन कधी करायचं, बक्षिसी कधी द्यायची, कुणाचं बोलणं मनावर घ्यायचं, अशा शेकडो बारीक खुणांवर आपण रोज नकळत चालतो. त्या एकदम नाहीशा झाल्या की माणूस घाबरतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पुरेपूर पटतं. वर्गात उच्चार कळले नाहीत, दुकानात साधी वस्तू सापडली नाही, तर अक्कल कमी पडत नसते. खुणा अजून तयार झालेल्या नसतात.

त्या पायाने तयार होतात. पहिल्या आठवड्यात खोलीपासून वर्गापर्यंत रोज एकाच वाटेने चालत जा. वाटेत दिसणाऱ्या एखाद्या माणसाला रोज नमस्कार कर, त्यांच्या पद्धतीने.

पोचल्यावर मला फक्त 'पोचलो' किंवा 'पोचले' एवढं कळव. पत्र पंधराव्या दिवशी लिही, आणि त्यात ती वाट नकाशा न बघता लिहून पाठव. कुठे वळायचं, कोपऱ्यावर काय आहे, चढ कुठे लागतो. मी वाट बघतेय.