मेयोत राहायला येताय? आधी गाडीचं बघा

वहिनींना आयर्लंडमध्ये कॅसलबारला नर्सची नोकरी लागली, दोन मुलं घेऊन साताऱ्याहून निघायचंय, आणि तिथल्या मेयो काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) निभावेल का, असं तुम्ही विचारलंय. निभावेल, पण गाडी असेल तरच. 2022च्या जनगणनेत सगळ्या काउंटीची वस्ती जेमतेम 1 लाख 38 हजार होती आणि तीही विखुरलेली. गावाबाहेर घर घेतलंत तर दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते; बस आहे, पण तिच्या भरवशावर मुलांची शाळा आणि वहिनींची नाइट ड्युटी सांभाळता येणार नाही. आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. थिअरीची परीक्षा, लर्नर परमिट, सक्तीचे धडे, मग टेस्ट. तोवर गाडी चालवताना शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्सवाला बसलेला लागतो. विमा महाग, नवशिक्याला तर फारच.

घरं भाड्याने कमी मिळतात. मिळालं तर बीईआर रेटिंग, म्हणजे घराला ऊर्जा किती लागते त्याची श्रेणी, विचारा. ए चांगलं, जी म्हणजे पैसे धुराड्यातून गेले. बहुतेक घरं केरोसीनच्या बॉयलरवर तापतात आणि टँकर एका वेळी साधारण 500 लिटर तरी ओततो, म्हणजे पहिलाच दणका मोठा. पावसाला कोकणासारखा जोर नाही, पण भुरभुर वर्षभर. खरा त्रास अंधाराचा: डिसेंबरात नऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये मात्र रात्री दहालाही उजेड.

सरकारी प्राथमिक शाळेला फी नाही. बहुतेक शाळा कॅथलिक, पण धर्माच्या तासाला मुलांना न बसवण्याची मुभा आहे. आयरिश भाषा लहानांना शिकावीच लागते. मुलं पटकन उचलतात, आपणच मागे राहतो. आठ वर्षांखालच्या मुलांना जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, फुकट, पण नवे पेशंट घेणारा जीपी शोधायला आल्याआल्याच लागा. वहिनींचं नोकरीचं परमिट क्रिटिकल स्किल्सचं (तुटवड्याच्या कौशल्यांसाठीचं) असेल तर तुम्हालाही वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते.

माणसं चांगली. रस्त्यावर अनोळखी ड्रायव्हरही स्टिअरिंगवरून एक बोट उचलून राम राम करतो. मेयोच्या गेलिक फुटबॉलचा विषय निघाला तर पुरुषांच्या संघाने 1951नंतर ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवून बोला.

कंदी पेढे आणि तूप बॅगेत टाकू नका, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. गोडा मसाला भरपूर आणा. आणि जमलं तर आधी वहिनींना येऊ द्या, तुम्ही मुलांना घेऊन मार्चनंतर या.