क्रॅपी खालून वर येऊन खाते

आमिष तळाला सोडू नकोस, हे सगळ्यात आधी. क्रॅपी ही उत्तर अमेरिकेतली गोड्या पाण्यातली मासळी, तिचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. ती वरचं भक्ष्य हेरते. बुडालेल्या झाडाझुडपांत क्रॅपींचा थवा असेल तर मिनो (आमिषाची छोटी मासळी) किंवा छोटा जिग (वजन लावलेला, नकली आमिषाचा गळ) त्यांच्या फूटभर वरच ठेव. आणि जोरदार झटक्याची वाट बघत बसू नकोस! ती तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढते आणि वर येतच राहते, म्हणून दोरा अचानक सैल पडतो, फ्लोट (दोऱ्याला लावलेला तरंगता बोंडा) आडवा होतो. तेवढंच कळतं. मग हिसका द्यायचा नाही, मनगट अलगद उचलायचं. तोंडाची कातडी कागदासारखी पातळ, लगेच फाटते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ग्रेनाडा तलावातल्या दोन-तीन पौंडी क्रॅपींनाही हेच लागू. उन्हाळ्यात मात्र पहाटे किंवा संध्याकाळीच जा.