टवाळीला उत्तर देण्याआधी

परवा चर्चमध्ये मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, क्रुसाची टवाळी करणारी ती चित्रफीत मला दाखवताना तुझे हात थरथरत होते. तुझे दुःख खरे आहे, पण ते नवे नाही. रोमच्या पॅलाटिन टेकडीवर १८५७ साली सापडलेल्या प्राचीन भिंतीवर क्रुसावरचा गाढवमुखी देह कोरलेला आहे आणि त्याखाली ग्रीक भाषेत ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो’ असे लिहिले आहे. क्रुसारोहणाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रांपैकी एक असे थट्टेचेच आहे.

म्हणून आधी नीट पाहा की हसू नेमके कशाचे होते आहे. हिंदी चित्रपटातला दारुडा गोवेकर ख्रिस्ती हा आपल्या समाजाचा अपमान आहे, श्रद्धेचा नव्हे. आणि तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोकणी नाटकात, ढोंगी भाविकावर हसतात, तेव्हा मला तरी राग येण्यापेक्षा अंतर्मुख व्हावेसे वाटते. ख्रिस्ताचीच विटंबना असेल, तर ती संपूर्ण पाहून निर्मात्याला स्वतःच्या नावाने एक पत्र लिही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या आशेविषयी उत्तर द्यायला सदैव सिद्ध राहा, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्या, असे सांगितले आहे. त्यातला दुसरा भाग आपण फार लवकर विसरतो.

पोलिसांकडे धाव घेण्यापूर्वी हेही जाण की धार्मिक भावना दुखावण्याविषयीच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ साठी हेतू जाणीवपूर्वक आणि दुष्ट असावा लागतो. ती चित्रफीत मात्र निषेध म्हणूनही पुढे पाठवू नकोस, कारण तिचा प्रसार मग आपल्याच हातून होतो. पत्राचा मसुदा झाला की रविवारी घेऊन ये. आपण दोघे मिळून वाचू.