जुना संशोधनाचा अनुभव अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या अर्जात चालतो का?

चालतो, निर्धास्तपणे लिहा. तुम्ही २०१६ ते २०१८ पुण्यात लॅबमध्ये होतात, आता ग्रीन कार्डावर अमेरिकेत आहात आणि एमडीच्या (इथे ती डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्जात ते काम दाखवावं का, असं विचारलंय. मीही पुण्याचीच. अर्ज केला तेव्हा माझं लॅबचं काम सात वर्षं जुनं होतं.

एएमसीएएसच्या, म्हणजे बहुतेक मेडिकल स्कूलसाठीच्या सामायिक अर्जात अनुभवाच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येकीत तारखा, तास, संपर्कासाठी एक माणूस आणि ७०० अक्षरांत वर्णन. त्यातल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडल्या की त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. मी लॅबला त्या तिघांत घातलं.

अडचण येते ती आपणच काम विसरल्यामुळे. मी यीस्टवर काम करायचे, दर दोन तासांनी ओडी (द्रावण किती गढूळ, म्हणजे यीस्ट किती वाढलं) मोजायचे, रात्रीसुद्धा. एकदा माझा म्युटंट, म्हणजे जनुकात बदल असलेलं यीस्ट, वाढेचना. मला वाटलं, काहीतरी मोठं सापडलं! सकाळी कळलं, यीस्ट हलवत वाढवायचं यंत्र, ३० अंशांचा शेकर, कुणीतरी बॅक्टेरियासाठी ३७ वर नेला होता. प्रयोग पुन्हा केला, तीनदा. मुलाखतीत नेमकं हेच विचारलं गेलं: 'तुमचा कंट्रोल काय होता?', म्हणजे तुलनेसाठी काय ठेवलं होतं. मला धडाधड सांगता आलं, कारण महिनाभर आधी लॅबच्या सरांनी माझ्या जुन्या वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. ते नसते तर मी गडबडलेच असते.

नुसत्या जुन्या कामावर मात्र विसंबू नका. गेल्या दोन वर्षांत रुग्णांच्या जवळ काय केलंत, हे विचारतातच. मी हॉस्पिटलात शनिवारी स्वयंसेवक म्हणून जायचे. एमडी-पीएचडी (डॉक्टरकी आणि संशोधन एकत्र) करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे संशोधनावर १०,००० अक्षरांपर्यंतचा स्वतंत्र निबंध असतो आणि अलीकडचं काम नसेल तर तो लंगडा पडतो.

शिळे होतात ते एमकॅटचे, म्हणजे मेडिकल प्रवेशपरीक्षेचे गुण. बऱ्याच शाळा दोन-तीन वर्षांपेक्षा जुने घेत नाहीत. शिवाय पदवी भारतातली असेल तर बहुतेक ठिकाणी काही विषय इथे करावे लागतात, ते आधी तपासा.

आणि तुमच्या लॅबच्या सरांना आजच मेल टाका. शिफारसपत्र मागताना तुमच्या कामाचा पानभर गोषवारा जोडा. तुमच्यानंतर त्यांच्या हाताखालून कितीतरी मुलं गेली असतील.