२०१९ ची पेट्रोल स्विफ्ट जवळजवळ आहे तशीच ट्रॅक डेला नेली तर चालेल का? आधी काय काय बदलावं?

चालेल. ट्रॅक डे म्हणजे रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवून बघायचा दिवस. तुम्ही लिहिलंय की गाडी पुण्यात असते, टायर सोडले तर सगळं कंपनीचंच आहे, न्यायच्या आधी एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकायचा विचार आहे, आणि घरात गाडी हीच एक, ऑफिसला तीच लागते. फिल्टर, एक्झॉस्ट, स्प्रिंगा, तिन्ही रद्द करा. १.२ लिटरचं ८३ पीएसचं इंजिन फिल्टर बदलून काही वेगळं होत नाही, फक्त आवाज वाढतो. आणि गाडी खाली बसवलीत तर ट्रॅक एक दिवस, सोसायटीचा स्पीडब्रेकर वर्षभर.

तुमच्या गाडीला ट्रॅकवर आधी कमी पडणार आहे ती ताकद नाही. कमी पडणार आहे ती ब्रेकमधली उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. म्हणून जो काही खर्च करायचा तो आधी तिथे.

एक्सप्रेसवेवर शंभरवरून एकदा जोरात थांबलात तरी पुढच्या ब्रेकपर्यंत डिस्कला भरपूर वारा मिळतो. ट्रॅकवर एका फेरीत चार-पाच वेळा तसा ब्रेक लागतो आणि मधे श्वास घ्यायला काही सेकंद. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शंभरवरून थांबताना जेवढी उष्णता होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट १४० वरून थांबताना होते. वजन पुढे झुकतं, त्यामुळे तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. मागे ड्रम आहेत, ते हातभार लावतात इतकंच.

ही उष्णता दोन तऱ्हांनी त्रास देते, आणि पायाला दोन्ही वेगळ्या कळतात. पहिली तऱ्हा पॅडची, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटणाऱ्या पट्ट्यांची. पेडल घट्ट लागतं, नेहमीच्याच जागी, पण गाडी मात्र पूर्वीसारखी थांबत नाही, आणि खिडकीतून जळका वास आत येतो. पॅडचं मटेरियल त्याच्या सोसण्यापलीकडे तापलेलं असतं. दुसरी तऱ्हा ब्रेक फ्लुइडची, म्हणजे पेडलचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या द्रवाची, आणि ती जास्त वाईट. सरळ पट्टा संपतो, तुम्ही नेहमीच्या खुणेला पाय टाकता, आणि पेडल मऊ लागतं. अजून दाबता, ते अजून खाली जातं. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, फ्लुइड उकळून त्याची वाफ झालेली असते, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे तुमच्या पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी पेडल पटापट दोन-तीनदा पंप केलं की थोडा ब्रेक मिळतो. तो मिळाला की हळूहळू पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांबायच्या जागेत, परत यायचं, ‘अजून एक फेरी मारून बघू’ नाही.

आता फ्लुइड का उकळतं ते बघा. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं. त्याच्या प्रकारांना डॉट ३, डॉट ४ अशी नावं असतात. कोरड्या, नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. ओलावा शोषलेल्या अवस्थेत हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणजे बाटलीवर कितीही चांगलं नाव असू दे, तीन पावसाळे बघितलेलं फ्लुइड ट्रॅकच्या कामाचं नाही. मुंबई-कोकणात वापरलेली गाडी असेल तर विचारूच नका. जायच्या आठवड्यात सीलबंद बाटलीतलं चांगलं डॉट ४ पूर्ण बदलून घ्या, चारही चाकांना ब्लीड करून, म्हणजे जुनं फ्लुइड आणि आतली हवा बाहेर काढून. नुसतं वरच्या टाकीत ओतून ‘झालं साहेब’ म्हणणारा मेकॅनिक असेल तर समोर उभं राहून करून घ्या. डॉट ५ मात्र मागू नका. ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या सिस्टीममध्ये चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

पॅड अर्धे झाले असतील तर नवे टाका. पातळ पॅडमधून उष्णता लवकर कॅलिपरकडे जाते. नवे पॅड मात्र आदल्या दिवशी टाकू नका, दोन-तीनशे किलोमीटर रस्त्यावर बसू द्या. बाकी यादी छोटी: इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपाशी, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, कूलंट बरोबर, बॅटरी घट्ट बांधलेली, चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना), पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके. हे सगळं नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्येच बसतं.

टायरबद्दल. कंपनीने दिलेल्याच साइजचे चांगल्या दर्जाचे टायर असतील तर पहिल्या ट्रॅक डेला तेच ठीक. चिकट टायर घातले की चुका उशिरा कळतात, आणि जास्त वेगात कळतात. साधा टायर आधी ओरडतो, मग सोडतो. शिकायला ते ओरडणं फार उपयोगी आहे. हवा सकाळी थंड टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे किंवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. सेशननंतर गरम टायर मोजलात तर चार ते सहा पीएसआय वाढलेली दिसेल. ती पाहून काही जण लगेच हवा सोडतात. तसं डोळे झाकून करू नका, आधी टायर बघा. टायरच्या कडेला, ट्रेड संपते तिथे छोटे त्रिकोण छापलेले असतात. रबर घासल्याची खूण त्या त्रिकोणापर्यंत आली असेल तर ठीक. त्रिकोण ओलांडून साइडवॉलवर उतरली असेल तर हवा कमी पडतेय, थोडी भरा. त्रिकोणाच्या बरीच अलीकडे थांबली असेल तर थोडी सोडा. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने धावणारा असेल तर पुढचा डावा टायर आधी बघा. उजवी वळणं जास्त असतात, त्यामुळे सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. आणि परतीचा प्रवास याच टायरांवर करायचाय, हे दुपारच्या सेशनच्या आधी एकदा आठवा.

कुठे जायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते पहिलं ठरवायला हवं. पुण्याहून मला दोन पर्याय दिसतात. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक, ३.७ किलोमीटर, १९९० पासूनचा. गंमत म्हणजे तो राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागूनच आहे. कात्रजला लागलात की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर, सगळा तोच हायवे, साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. (वाटेत कोल्हापूरला सलाम करून पुढे जा. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही शर्यतीतली मंडळी तिथलीच.) दुसरा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुतीच्या सिंगल सीटर गाड्या ज्यांनी बांधल्या, ते हेच. आपल्याकडे रेसिंग शिकलेल्या एका अख्ख्या पिढीच्या मागे ते छोटं इंजिन होतं, तेव्हा स्विफ्ट घेऊन तिथे जाताना संकोच वाटायचं कारण नाही. पहिल्या वेळी मी कारी सुचवेन. ट्रॅक आखूड, वेग कमी, आणि एकच वळण पुन्हा पुन्हा लवकर समोर येतं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचा आहे, फॉर्म्युला वनसाठी बांधलेला. त्याच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर स्विफ्ट घेऊन जाणं म्हणजे ॲक्सिलरेटर तळाला टेकवून नुसतं बसून राहायचं आणि शेवटी बिचाऱ्या ब्रेकची परीक्षा बघायची. फोटो छान येतील.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. साधारण पंधरा-वीस मिनिटांचे सेशन असतात, अनुभवाप्रमाणे गट पाडतात, मागून येणाऱ्याला पुढचा हाताने खूण करेल तेव्हाच आणि ठरलेल्या सरळ पट्ट्यावरच ओव्हरटेक करायचं असतं. सकाळच्या ब्रीफिंगला झेंडे सांगतात: पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, सावकाश, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये, काळा तुम्हाला दाखवला तर काहीतरी चुकलंय, आत या. ब्रीफिंग चालू असताना चहा प्यायला जाऊ नका. प्रशिक्षक मिळत असेल तर पहिल्या सेशनला शेजारी बसवा. एक्झॉस्टचे पैसे वाचलेत ना, ते इथे घाला.

गाडीतून काय काढायचं? स्टेपनी, जॅक, फ्लोअर मॅट, डिकीतली छत्री, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा काढून बॅगेत ठेवा. बाटलीचं विशेष सांगतो. जोरात ब्रेक मारला की ती घरंगळत थेट ब्रेक पेडलखाली येऊ शकते. सीट नेहमीपेक्षा पुढे आणि पाठ सरळ घ्या, इतकी की खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालून आदल्या दिवशी गाडीत बसून बघा, डोकं छताला लागत असेल तर सीट खाली घ्यावी लागेल. सुती कपडे, पातळ तळव्याचे बंद बूट.

चालवण्याबद्दल पुस्तकभर लिहिता येईल, पण तुमच्या गाडीपुरतं सांगतो. ब्रेक सरळ रेषेत, आणि जोरात. हळूहळू दाबत राहिलात तर ब्रेक जास्त वेळ तापतो. एबीएस पायाखाली थरथरला तर घाबरू नका, थोडासा पाय हलका करा. ब्रेक संपवून मग वळा, आतल्या कडेला थोडं उशिरा पोचा, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसं पेट्रोल द्या. वळणात गाडी पुढच्या बाजूने बाहेर सरकायला लागली, टायर किंचाळायला लागले, की हात आपसूक स्टिअरिंग अजून वळवतात. त्याचा उपयोग नाही. पुढच्या टायरांना आहे तेच झेपत नसतं. स्टिअरिंग किंचित सरळ करा, पेट्रोल थोडं कमी करा, पकड परत येते.

थोडं म्हणजे थोडंच. तुमच्या २०१९ च्या स्विफ्टमध्ये ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २४५० मिलिमीटरचा आखूड आहे. वेगात असताना, वळणाच्या मध्यावर, घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन सगळं पुढे येतं, मागची बाजू हलकी होते आणि पुढे यायला बघते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे होत नाही असा एक गैरसमज आहे. होतं, आणि चालवणाऱ्याला काही कळायच्या आत होतं. दोन चाकं बाहेर मातीत गेली तर एकदम आत खेचू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून वेग उतरू द्या, मग सावकाश परत या.

पाच-सहा जोराच्या फेऱ्या झाल्या की एक फेरी ब्रेक जवळजवळ न लावता मारा. आत येऊन उभे राहिल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि ब्रेक पेडलवरही पाय ठेवून बसू नका. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी चिकटून बसला की मग घरी जाताना पेडल थरथरतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, बॉनेट उघडा.

पैशाचा विषय. आपल्याकडच्या कार पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. पॉलिसीचा कागद काढून वाचा. ट्रॅकवर गाडी ठोकलीत तर खर्च स्वतःचा, असंच धरून चाला. जितकी रक्कम बुडाली तर झोप उडेल, तितकं नुकसान होईल अशा वेगाच्या बरंच अलीकडे राहा. वॉरंटीचंही तेच.

आणि तुमचं ऑफिस. रविवारी संध्याकाळी ट्रॅकवरून निघून रात्रभर हाणत पुणे गाठायचा बेत असेल तर सोडून द्या. दिवसभर उन्हात हेल्मेट घालून चालवल्यावर अंग किती शिणतं ते जेवल्यावर कळतं. रजा टाका, रात्री मुक्काम करा. पुण्यात आल्यावर चाकं काढून पॅडची जाडी बघा, अलाइनमेंट करा, फ्लुइड काळपट झालं असेल तर पुन्हा बदला.

टायर कधीचे आहेत ते मात्र लिहिलं नाहीत. साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते आणि टायरचा साइज कळवा, मग हवेचा नेमका आकडा कुठून सुरू करायचा ते सांगता येईल.