एक्सरे नॉर्मल, मग एमआरआय कशाला?

प्रश्न: सासूबाईंची कंबर दोन महिने दुखतेय, आता उजव्या पायात मुंग्या पण येतात. एक्सरे नॉर्मल आला तरी डॉक्टर एमआरआय सांगतायत. शेजारच्या काकू म्हणतात त्यापेक्षा सीटी करा, पाच मिनिटांत होतो आणि स्वस्तपण पडतो. रेडिएशनची भीती वाटते, शिवाय त्यांना हार्टला स्टेंट टाकलाय. काय करू?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: ताई, डॉक्टर उगाच खर्चात पाडत नाहीयेत. साध्या एक्सरेत हाडं दिसतात, पण दोन मणक्यांमधली गादी आणि तिच्या बाजूने जाणारी नस दिसत नाही, आणि मुंग्या येतायत म्हणजे संशय नसेवरच आहे ना. ती एमआरआयमध्ये नीट दिसते. आणि गंमत म्हणजे ज्या रेडिएशनला तुम्ही घाबरताय ते एमआरआयमध्ये नसतंच, तिथे चुंबक आणि रेडिओ लहरींचं काम असतं. रेडिएशन आहे ते काकूंच्या सीटीत! सीटी म्हणजे एक्सरेच, फक्त मशीन गोल फिरून बारीक बारीक चकत्या काढतं, म्हणून डोस वाढतो. छातीच्या एक्सरेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), छातीच्या सीटीला ५ ते ७ च्या आसपास. म्हणून सीटी वाईट असं नाही हां, डोक्याला मार लागलाय, लकवा मारलाय, मुतखड्याची कळ आलीय, तिथे सीटीसारखं पटकन उत्तर कोण देणार. पित्ताशयातले खडे किंवा पोटातलं बाळ बघायचं तर सोनोग्राफी, त्यात आवाजाच्या लहरी असतात, रेडिएशन नाही.

आता स्टेंट. हल्लीचे बहुतेक स्टेंट एमआरआयला चालतात, तरी अँजिओप्लास्टीचं कार्ड सोबत न्या आणि अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट यातलं काही असेल तर ते आधी सांगायलाच हवं, कारण ते चुंबक कायम चालूच असतं, तपासणी नसतानासुद्धा. बांगड्या, मंगळसूत्र, केसातल्या पिना घरीच काढून ठेवा. आत अर्धा तास तरी न हलता पडून राहायचं आणि ठकठक आवाज जाम मोठा असतो, कानात बोळे देतात, पण बंद जागेत जीव घाबरत असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा.

महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात पैसे कमी लागतात पण तारीख लांबची मिळू शकते. मात्र पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर तारखेची वाट बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.