रिपोर्ट वाचायला शिकवा, म्हणालीस म्हणून

प्रिय,

परवा फोनवर म्हणालीस, "मॅडम, एनजीएसचा रिपोर्ट वाचायला शिकवा ना." एनजीएस म्हणजे एका फटक्यात अनेक जीन्स वाचणारी तपासणी. बावीस पानं, एवढाली जीन्सची नावं, आणि नातेवाईक दाराशी उभे. तुझी धास्ती कळली मला. शिकवते. पण त्याआधी एका ऊसतोड कामगाराचं सांगते. प्रिसिजन मेडिसिनमधला, म्हणजे जीन बघून नेमकं औषध देण्यातला, माझा सगळ्यात महागडा धडा त्याच्याकडून मिळालाय.

सीएमएल या ब्लड कॅन्सरचा इतिहास तुला पाठ असेल. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड क्रोमोसोम दिसला. १९७३ मध्ये जॅनेट राउलीने दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपसांत बदललेत. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हा जोडजीन तयार होतो आणि त्याचं प्रथिन पेशीला थांबूच देत नाही. त्या एका प्रथिनावर बेतलेली इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये बाजारात आली. तिच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. त्याआधी आमच्या हातात काय होतं? हायड्रॉक्सियुरिया, इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि भावाबहिणीचं जुळलंच तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट. आपल्याकडे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या होत्या, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेकचं (मूळ कंपनीच्या इमॅटिनिबचं) पेटंट नाकारलं म्हणून त्या टिकल्या. ब्लड कॅन्सरच्या उपचारात कोर्टाचा एक निकालही मोडतो, हे पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

तर हा ऊसतोड कामगार सीएमएलचा रुग्ण, बीड जिल्ह्यातला, तिशीही न गाठलेला. आपल्याकडे सीएमएल पाश्चात्त्यांपेक्षा बऱ्याच तरुण वयात दिसतो. प्लीहा बेंबीपर्यंत आलेली. इमॅटिनिब ४०० सुरू केलं, तीन महिन्यांत रक्तातल्या बीसीआर-एबीएलचा आकडा दहा टक्क्यांच्या खाली, वर्षाने ०.१ च्या आसपास. मी खूश. पुढच्या मे महिन्यात तो आला तेव्हा पीसीआर तपासणीत तोच आकडा दोनच्या घरात. मी म्हटलं, "गोळ्या घेतोस ना?" तो म्हणाला, "हो मॅडम." झाली चौकशी! सप्टेंबरात आकडा उतरला, तर मी प्रयोगशाळेला दोष दिला. त्यापुढच्या मे महिन्यात पुन्हा वर. मी रेझिस्टन्सचं, म्हणजे गोळी लागू पडेनाशी झाल्याचं, निदान करून म्युटेशनची तपासणी लिहिली. पैसे त्याने बायकोचे डोरले गहाण टाकून भरले, हे मला नंतर कळलं. रिपोर्ट आला. गोळी निकामी करणारं टी३१५आय नाही, दुसरं काहीच नाही. तरीही मी डॅसॅटिनिब या पुढच्या औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली होती.

तेवढ्यात आमच्या ओपीडीतल्या सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी विचारलं, "दादा, हंगामाला कुठं असता?"

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर जोडीने कारखान्यावर जायचं ते थेट एप्रिलपर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली. मुंबईला यायचं तर दोन दिवसांचा खाडा. कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, सगळ्यांच्या देखत गोळी घ्यायची सोय नाही, कारण कॅन्सर कळला तर पुढच्या साली उचल कोण देणार? भल्या पहाटे रिकाम्या पोटी गोळी घेतली की फडात उलट्या. म्हणून आधी दिवसाआड, मग बंद. गावी परतला की पुन्हा नेमाने सुरू.

आता बघ, उत्तर माझ्यासमोरच पडलं होतं. रेझिस्टंट क्लोन, म्हणजे गोळीला न जुमानणाऱ्या पेशींचा गट, त्याच गोळीवर, त्याच डोसवर आपणहून ओसरत नसतो. दर मे महिन्यात वर आणि सप्टेंबरात खाली जाणारा आलेख हा साखर कारखान्याचा आलेख होता, आणि मी त्यात जीन शोधत बसले होते. गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर, तांब्याभर पाण्यासोबत घ्यायला सांगितली. हंगामभराच्या गोळ्या एकदम दिल्या आणि कारखान्याजवळच्या लॅबमध्ये रक्तपेशी मोजणारा साधा सीबीसी करून फोटो पाठवायचं ठरवलं. डॅसॅटिनिबची चिठ्ठी फाडली.

एपीएमएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये मात्र नेमकी उलटी चूक होते, थांबून राहण्याची. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, रक्ताच्या स्मिअरमध्ये पेशींत ऑवर रॉड्स नावाच्या काड्यांच्या मोळ्या. अशा वेळी पीएमएल-रारा या जोडजीनचा रिपोर्ट येईस्तोवर थांबायचं नाही. शंका आली त्याच तासाला एट्रा हे औषध सुरू, प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन चढवायला घ्यायचं. निदान चुकलं तर एट्रा बंद करता येतं, पण मेंदूत झालेला रक्तस्राव परत घेता येत नाही. पहिल्या आठवड्यात वाचलेला रुग्ण बहुधा बराच होतो. वेल्लोरच्या सीएमसीने तर एकट्या आर्सेनिकवर रुग्ण बरे करून दाखवलेत. रात्री दोन वाजता मायक्रोस्कोपला डोळा लावणं हेही प्रिसिजन मेडिसिनच आहे. कॉन्फरन्समध्ये त्याची स्लाइड कुणी लावत नाही, एवढंच.

आता तुझी बावीस पानं. पहिल्या पानावर रंगीत तक्ता असतो. तो झाकून ठेव आणि आधी स्वतःला विचार, यातल्या कुठल्या ओळीने मी उद्या सकाळी वेगळं काही करणार आहे? एएमएल या ब्लड कॅन्सरमध्ये एफएलटी३ या जीनमध्ये बदल असेल तर मिडोस्टॉरिन हे औषध केमोच्या साधारण आठव्या दिवशी जोडायचं असतं. म्हणजे तो निकाल आठवड्याच्या आत हवा. तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्या सुंदर रिपोर्टचा त्यासाठी उपयोग नाही. म्हणून एफएलटी३ची वेगळी, जलद तपासणी पहिल्याच दिवशी पाठव. लांबलचक आयटीडी, म्हणजे त्या जीनमधले दुप्पट झालेले तुकडे, एनजीएसमध्ये कधी कधी निसटतातही. रेमिशननंतर, म्हणजे आजार आटोक्यात आल्यावर, एकटं डीएनएमटी३ए म्युटेशन उरलं म्हणून घाबरू नकोस, वयाबरोबर निरोगी माणसांच्या रक्तातही ते सापडतं. पण डीडीएक्स४१ किंवा आरयूएनएक्स१ मधलं म्युटेशन त्या जीनच्या पन्नास टक्क्यांच्या आसपास प्रतींत दिसलं तर थबक. ते जन्मजात असू शकतं, आणि मग सख्ख्या भावाला डोनर म्हणून उभं करण्याआधी त्याची तपासणी करावी लागेल. व्हीयूएस, म्हणजे अर्थ अजून न कळलेला बदल, असं लिहिलेल्या ओळीवर उपचार ठरवायचा नाही, मग नातेवाइकांनी गूगलवर काहीही वाचलेलं असो.

एएलएल हा ब्लड कॅन्सर असलेल्या मुलांत एनयूडीटी१५ या जीनची तपासणी विसरू नकोस. जुनी पुस्तकं टीपीएमटी या जीनपाशी थांबतात. आशियाई मुलांत मर्कॅप्टोप्युरिन या औषधाच्या नेहमीच्या डोसवर काउंट कोसळण्यामागे बऱ्याचदा एनयूडीटी१५ मधला बदल असतो.

सीएआर-टीबद्दल, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याच्या उपचाराबद्दल, तू विचारलंस. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, याचा मला अभिमान आहे. त्यावर बसून बोलू, पत्रात मावणार नाही.

गुरुवारी माझ्या ओपीडीत ये. दसरा तोंडावर आलाय आणि तो बीडचा गडी यायचाय. आता त्याची मुलगी शाळेत जाते, त्यामुळे यंदा बायको गावीच राहणार आहे. म्हणजे गोळीची आठवण कोण करणार, हा प्रश्न नव्याने उभा आहे. रिपोर्ट उघडायच्या आधी त्याच्याशी तू बोल, मी मध्ये पडणार नाही. आणि सहा महिन्यांच्या स्ट्रिप्स मोजून पिशवीत भरायच्यात, त्यालाही हात लागेल.

तुझी,
मॅडम